‘आत्ताच काही सांगता येत नाही’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : माझ्या भावाचं पहिलं बाळ. पूर्ण दिवसांचं, पण जन्मल्यावर रडलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून लगेच शहरातल्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) हलवलं. पहिल्याच दिवशी झटके आले, तीन दिवस व्हेंटिलेटरवर होतं, आता व्हेंटिलेटर काढलाय. आज सातवा दिवस. सकाळचे डॉक्टर म्हणतात, ‘सुधारतंय.’ संध्याकाळच्या मॅडम म्हणतात, ‘मेंदूचं आत्ताच काही सांगता येत नाही.’ फाइलवर ‘प्रोग्नोसिस गार्डेड’ लिहिलंय. हे लोक काही लपवतायत का? वहिनीचं सिझर झालंय, ती अजून तालुक्यालाच ॲडमिट आहे. तिला फक्त ‘बाळ काचेत ठेवलंय’ एवढंच सांगितलंय. आई म्हणते, खरं सांगितलं तर दूध आटेल. आम्ही काय करावं?

उत्तर :

ताई, ते काही लपवत असतील असं मला वाटत नाही. दोघंही खरंच सांगतायत, पण वेगवेगळ्या अवयवांबद्दल. जन्मताना प्राणवायू कमी पडला की सगळ्या शरीराला फटका बसतो. मूत्रपिंडं, यकृत, हृदय, फुप्फुसं, सगळी दमतात. पण हे अवयव बहुतेक वेळा आठवडाभरात सावरतात. लघवी नीट व्हायला लागते, रक्तदाबाची औषधं बंद होतात, व्हेंटिलेटर निघतो. सकाळचे डॉक्टर राउंडला हे बघतात आणि ‘सुधारतंय’ म्हणतात. संध्याकाळच्या मॅडम मेंदूबद्दल बोलतायत, आणि मेंदूचा अंदाज यायला आठवडा पुरत नाही. ‘आम्ही आत्ता कशाबद्दल बोलतोय’ हे पहिलं वाक्य मात्र दोघांनीही गाळलं. आम्ही डॉक्टर ही चूक फार वेळा करतो.

मी नवजात बाळांच्या विभागात २७ वर्षं काढली. सुरुवातीची मुंबईत, महापालिकेच्या रुग्णालयात, नंतरची मराठवाड्यात. एनआयसीयूच्या दाराबाहेर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, ‘मॅडम, धोका टळला का?’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात. बाळ वाचेल का? वाचलं तर पुढे कसं असेल? आणि आत्ता, या घडीला, त्याला त्रास होतोय का? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या दिवशी मिळतात. आम्ही तिन्हींना मिळून ‘आत्ताच काही सांगता येत नाही’ असं एकच उत्तर देतो, तेव्हा घरच्यांना ऐकू येतं ते ‘काहीतरी भयंकर आहे, पण सांगत नाहीत.’

बाळाला न तपासता मी ठाम बोलू नये. तरी तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं आलेलं दिसतं. या आजारात जी बाळं दगावतात त्यांतली बहुतेक पहिल्या काही दिवसांत दगावतात. सातव्या दिवशी आपला आपण श्वास घेणाऱ्या बाळाला जंतुसंसर्गाचा धोका असतो, पण पहिल्या दोन दिवसांतली ती वेळ मागे पडलेली असते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आजच्या आज मिळेल, आणि ते डॉक्टरांपेक्षा रात्रपाळीच्या सिस्टर जास्त चांगलं देतील. बाळ सुई टोचताना तोंड वाकडं करतं का, कुशीत घेतल्यासारखं गुंडाळलं की शांत होतं का, हे त्यांना माहीत असतं. दुसरा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. त्याच्यापाशी थोडं थांबू.

फाइलवर ‘एचआयई’ अशी तीन अक्षरं असतील, म्हणजे प्राणवायू कमी पडल्यानं मेंदूला झालेली इजा, आणि शेजारी ‘स्टेज २’ किंवा तत्सम काही. हार्वे सारनाट आणि मार्गारेट सारनाट यांनी १९७६ साली अवघ्या २१ बाळांचं बारकाईनं निरीक्षण करून या तीन पायऱ्या मांडल्या आणि जगभर आजही त्याच वापरल्या जातात. पहिल्या पायरीवरचं बाळ टक्क जागं, चिडचिडं असतं, एखाद्या दिवसात सावरतं आणि पुढे बहुधा ठीक निघतं. तिसऱ्या पायरीवरचं बाळ निपचित पडलेलं असतं. त्यातली पुष्कळ बाळं दगावतात, आणि जी राहतात त्यांतल्या बहुतेकांना मोठं अपंगत्व येतं. या दोन टोकांवर आमची जीभ फारशी अडखळत नाही. झटके, सुस्ती, ढिले हातपाय ही दुसरी पायरी. तुमचं बाळ बहुधा इथलं. या पायरीवरून काही मुलं सरळ शाळेत जातात. काहींचे हातपाय ताठर होतात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. काही चालतात-बोलतात, पण अभ्यासात आणि लक्ष देण्यात मागे पडतात, आणि ते सहाव्या-सातव्या वर्षी कळतं. पहिल्या आठवड्यात तीन बाळं शेजारी-शेजारी ठेवली, तर यातलं कोणतं कुठे जाणार हे मलाही ओळखता येत नाही.

त्यात झटक्यांसाठी दिलेलं औषध, बहुधा फिनोबार्बिटोन, स्वतःच बाळाला सुस्त करतं. सुस्ती औषधाची की मेंदूची हे काही दिवस वेगळं काढता येत नाही. तेव्हा ‘सांगता येत नाही’ याचा अर्थ अनेकदा ‘आत्ता जे दिसतंय त्यावर आमचा स्वतःचाच भरवसा नाही’ असा असतो. हे असंच, या शब्दांत, सांगायला काय हरकत आहे? माझी तर ठाम समजूत झालीय की आईवडील ‘माहीत नाही’ सहज पचवतात. ‘का माहीत नाही आणि कधी कळेल’ हे न सांगता तोडून टाकलेलं ‘माहीत नाही’ त्यांना पचत नाही.

कधी कळेल, तर एका दिवशी सगळं कळत नाही. थोडं थोडं कळत जातं. बाळ जागं होऊ लागलं का, हात लावला की डोळे उघडतं का, ही पहिली खूण. दुसरी, चोखतंय का. तुम्ही उद्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारणार असाल तर हाच विचारा. श्वास, चोखणं आणि गिळणं यांचा मेळ बसवणं हे बाळाच्या मेंदूचं मोठं काम असतं. नळीवरचं दूध सुटून आठवड्या-दीड आठवड्यात ओढून प्यायला लागलेल्या बाळाबद्दल मी जरा मोकळेपणानं बोलू लागते. आणि सुस्ती पाच-सात दिवसांच्या पुढे तशीच राहिली, तर माझी काळजी वाढते. मग ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, आणि मग एमआरआय.

एमआरआयबद्दल दोन शब्द, कारण त्या कागदाभोवती सगळं घर फेऱ्या मारतं. तो फार लवकर काढला तर इजा पुरती दिसत नाही, म्हणून साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास काढतात. त्यात आम्ही पहिल्यांदा मेंदूच्या खोल गाभ्याकडे बघतो, कारण हालचाल आणि गिळणं यांच्या वाटा तिथून जातात. तिथे दोन्ही बाजूंना मोठी इजा असेल, तर हातपाय ताठर होण्याची शक्यता खूप वाढते. गाभा स्वच्छ असेल, तर मुलाच्या चालण्याबद्दल बरीच आशा धरता येते. कडेच्या भागातली इजा उशिरा बोलते, भाषेत आणि अभ्यासात. ‘माइल्ड चेंजेस’ हे दोन शब्दांचं वाक्य कुणी फोनवर वाचून दाखवलं, तर तेवढ्यावर थांबू नका. नेमकी जागा कोणती, हे विचारा.

आमच्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. कित्येक आज्या एनआयसीयूच्या दारात कोरी वही, पेन आणि हळदकुंकवाची पुडी घेऊन उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. पूर्वी मी त्यांना बाहेरूनच परत पाठवायचे. आता वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पुसून, बाळाच्या वॉर्मरखालच्या कप्प्यात ठेवायला सांगते. एक तर त्यानं बाळाचं काही बिघडत नाही. आणि दुसरं, पाचव्या दिवशी लिहिलेलं काय ते वाचायला अधीर झालेली माणसं आणि एमआरआयच्या रिपोर्टासाठी अधीर झालेली माणसं एकच असतात. मी त्यांना सांगते, आमच्या मशीनलाही कपाळावरचं सगळं वाचता येत नाही. काही अक्षरं उमटायला अजून वेळ आहे.

त्यातली महत्त्वाची अक्षरं तिसऱ्या महिन्यात उमटतात. तीन महिन्यांचं निरोगी बाळ उताणं ठेवलं आणि कुणी त्याच्याशी खेळत नसेल, तेव्हा त्याच्या मानेपासून घोट्यांपर्यंत एक बारीक, अखंड चुळबुळ चालू असते. हाइन्झ प्रेख्टल यांनी या हालचाली वाचण्याची पद्धत बसवली. साध्या मोबाइलवर तीन-चार मिनिटांचं चित्रीकरण पुरतं, सुई नाही की भूल नाही. ही चुळबुळ असली, तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता खूप कमी होते. अजिबात नसली, तर ती खूप वाढते, आणि मग वर्ष-दोन वर्षं वाट न बघता व्यायाम त्याच दिवशी सुरू करता येतात. म्हणून घरी पाठवताना मी आईवडिलांना नुसतं ‘फॉलोअपला या’ म्हणत नाही. कॅलेंडर काढायला लावून त्या आठवड्यावर खूण करायला सांगते. तारीख हातात असली की माणसं रोजच्या रोज बाळाच्या प्रत्येक आळसात आजार शोधत बसत नाहीत.

आता शब्दांचं. ‘स्टेबल’ म्हणजे कालच्यासारखंच आहे, एवढंच. चांगलं असा त्याचा अर्थ होत नाही. ‘क्रिटिकल’ म्हणजे तासातासाला बघावं लागतंय. ‘प्रोग्नोसिस गार्डेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना जाऊ शकतं, लिहिणाऱ्याला कुठल्याच बाजूला सही करायची नाही. ‘पुअर’ लिहिलं असतं तर अर्थ वेगळा होता. ‘मेंदूला थोडी सूज आहे’ हे मी स्वतः वर्षानुवर्षं वापरलेलं वाक्य, आता टाळते. मुका मार लागल्यावर आलेली सूज चार दिवसांत उतरते. ऐकणाऱ्याच्या मनात तेच चित्र उभं राहतं, आणि मग आम्ही ‘पुढे परिणाम राहू शकतो’ म्हटलं की त्याला फसवल्यासारखं वाटतं.

टक्क्यांचंही तसंच. एका बाळाच्या वडिलांना मी म्हटलं होतं, ‘ठीक असण्याची शक्यता ७० टक्के आहे.’ ते एकदम हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे फर्स्ट क्लास.’ मार्कांच्या जगात वाढलेल्या माणसानं दुसरं काय ऐकावं? तेव्हापासून मी केसपेपरच्या मागच्या बाजूला दहा गोल काढते. ‘तुमच्या बाळासारखी ही दहा बाळं. यातली साधारण सात चालतील-बोलतील. या तिघांना मोठी अडचण राहील. तुमचं यातलं कोणतं, हे मला आज माहीत नाही.’ सात आणि तीन, दोन्ही आकडे मोठ्यानं म्हणायचे. आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं मला शिकायला फार वर्षं लागली. एखादी आई तो कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवते. एखादे वडील तीन गोलांवर बोट ठेवून तसेच बसतात. त्या वेळात तोंडून काहीही निघालं तरी ते आपल्या स्वतःच्या धीरासाठी असतं. (हे सात-तीन आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बाळाचे म्हणून धरू नका. ते तिथल्या डॉक्टरांनी त्याची पायरी, ईईजी आणि एमआरआय बघून सांगायचे.)

२००१ सालची एक गोष्ट सांगते. मी तेव्हा नवखी होते. २९ आठवड्यांचं एक बाळ दोन महिने आमच्याकडे राहून घरी निघालं. चौथ्या आठवड्याच्या डोक्याच्या सोनोग्राफीत मेंदूत दोन्ही बाजूंना बारीक पोकळ्या दिसल्या होत्या. पुढे पाय ताठर होण्याची ती मोठी खूण असते, आणि ते मला माहीत होतं. पण त्या बाईंनी ६० दिवस रोज दोन बस बदलून दूध आणलं होतं. निरोपाच्या दिवशी त्यांनी वॉर्डात पेढे वाटले. मी पेढा घेतला आणि म्हणाले, ‘वजन छान वाढलंय, आता काळजी करू नका.’ सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलमध्ये लावलेला होता. मी मनाची समजूत घातली की कागद तर दिलाच आहे.

दीड वर्षानं त्या परत आल्या. मुलगा बसत नव्हता, उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जायचे. मधल्या काळात घरात सगळ्यांनी ठरवलं होतं की हिनं मालिश नीट केली नाही, हिच्या दुधात जोर नाही. त्यांनी मला विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’ मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मग माझं वर्ष का घालवलंत?’

आधी कळलं असतं तर तो मुलगा धावला असता, असं मी म्हणणार नाही. पण खुबे वेळेवर तपासले गेले असते, बसायची योग्य खुर्ची मिळाली असती, आणि ती बाई वर्षभर स्वतःला गुन्हेगार समजत राहिली नसती. मी तिचा आनंद वाचवायला गेले आणि तिचं वर्ष घेतलं. ‘आईवडिलांना एवढ्यात कशाला घाबरवायचं’ असं एखादा ज्युनियर डॉक्टर म्हणाला की मी त्याला ही गोष्ट सांगते.

उलट्या बाजूच्या चुकाही मी बघितल्या आहेत, आणि त्या जास्त क्रूर असतात. कॉरिडॉरमध्ये, उभ्या उभ्या, ‘वाचलं तरी कामाचं राहणार नाही’ असं बापाला सांगून निघून जाणारे. ‘कामाचं’ म्हणजे काय? कुणाच्या कामाचं? अशा एका वाक्यावर सही करून बाळ स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतात. हे मुलीच्या बाबतीत पटकन होतं, असं मला माझ्या डोळ्यांनी दिसलेलं आहे, आणि अजूनही दिसतं. पैशाचा विषयही याच्याशीच बांधलेला आहे. एखादं घर दिवसाचा खर्च पेलू शकत नसेल, तर ते सरळ बोलावं. जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांचा विशेष कक्ष असतो, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारता येतं. पण ‘परवडत नाही’ या गोष्टीला ‘बाळ वाचण्यासारखं नाही’ असे कपडे घालू नयेत. घरच्यांनीही नाही आणि आम्ही तर नाहीच. भविष्याचा अंदाज कुटुंबाच्या खिशाकडे बघून बदलणारा डॉक्टर मला मान्य नाही.

तुमच्या भावानं एव्हाना मोबाइलवर शोधलं असेल की असं बाळ ७२ तास थंड ठेवतात, आणि तो स्वतःला विचारत असेल, आपल्या बाळाला का नाही ठेवलं? उशीर झाला का? त्याला सांगा, जन्मापासून सहा तासांच्या आत अंग साधारण साडेतेहतीस अंशांवर आणून तीन दिवस ठेवायचं, हा उपचार श्रीमंत देशांत नेमाचा आहे. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यात थंड केलेल्या बाळांना फायदा दिसला नाही, उलट त्यांच्यात मृत्यू जास्त झाले, ४२ टक्के विरुद्ध ३१ टक्के. आपल्याकडच्या बाळांत इजा बहुधा आधीच सुरू झालेली असते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. पण तुमच्या बाळाला थंड केलं नाही, म्हणजे कुणी हलगर्जी केली, असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, तो वहिनी विचारणार आहेत. ‘माझं काय चुकलं?’ नवव्या महिन्यात ग्रहणात बाहेर गेले होते, पपई खाल्ली होती, कळा आल्यावर निघायला उशीर केला. मला आजवर एकही आई अशी भेटली नाही, जिच्याकडे अशी यादी तयार नव्हती. बहुतेक जणी ती बोलून दाखवत नाहीत, म्हणून मी वाट बघत नाही, मीच काढते. ‘रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःला काय बोलता?’ असं विचारलं की यादी बाहेर येते. मग एकेक गोष्ट घेऊन सांगते, ग्रहणानं नाही, पपईनं नाही. नेमकं कारण माहीत असेल, म्हणजे नाळ आधी बाहेर आली, वार सुटली, तर ते सांगते. माहीत नसेल तर ‘कारण सापडलं नाही’ असं सांगते. आणि हे सासूबाईंच्या समोर सांगते, मुद्दाम.

तुमच्या बाळावर ती वेळ दिसत नाही, म्हणून एक बाजू थोडक्यात सांगते. काही बाळांच्या बाबतीत उपचार फक्त मरण लांबवत असतात, आणि मग ‘मशीन चालू ठेवायचं का’ हे बोलणं येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी यासाठी कायद्याची वाट दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी केली : कुटुंबाची संमती, डॉक्टरांची दोन मंडळं, ठरलेली प्रक्रिया. या बोलण्यात मी कधीही ‘आता आमच्या हातात काही नाही’ म्हणत नाही. वेदना कमी करणं हातात असतं. नळ्या कमी करून बाळ आईच्या छातीवर देणंही हातात असतं, आणि बारसं व्हायचं असेल तर नाव ठेवून घेणंही.

नावावरून आठवलं. तुमच्या बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर वहिनींच्या नावापुढे ‘बेबी’ एवढंच असेल. मी बोलायला बसले की पहिल्यांदा विचारते, ‘घरी काय म्हणणार आहात?’ बारसं झालेलं नसतं, त्यामुळे लोक कचरतात. मग कुणीतरी हळूच ‘चिऊ’ म्हणतं किंवा ‘बाळ्या’. त्यानंतर सगळं बोलणं चिऊबद्दल होतं. ‘स्टेज २ एचआयई’बद्दल बोलताना माझाही आवाज कोरडा होतो, चिऊबद्दल बोलताना होत नाही.

आता वहिनी. तुमच्या आईंची भीती खोटी नाही. फार ताण असला की दूध उतरायला काही वेळ अडखळतं. पण दूध तयार होणं अवलंबून असतं ते स्तन रिकामे होण्यावर. दूध आटतं ते बातमीनं नाही, न पिळल्यानं. आणि ज्या आईला ‘बाळ काचेत आहे, काळजी करू नको’ एवढंच सांगितलंय, तिला दिवसातून आठ वेळा, रात्री उठूनसुद्धा, दूध पिळायला कुणी सांगितलेलं नसतं. बाळ जवळ नाही, मग कशासाठी? तुम्ही दूध वाचवायला गप्प बसलात, आणि बहुधा त्या गप्प बसण्यातच सात दिवसांचं दूध जातंय. शीवच्या महापालिका रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढीत दूध पिळून देणाऱ्या बायकांत आजारी बाळांच्या आयाही असतात. बाळाबद्दलची बातमी माहीत असलेल्या आया.

शिवाय तिला माहीत आहे, ताई. बाळ रडलं नाही हे तिनं टेबलावर पडल्या पडल्या ऐकलंय. खोलीत कोण येतं, फोन घ्यायला कोण बाहेर जातं, कोण तिच्या नजरेला नजर देत नाही, हे ती सात दिवस बघतेय. तिच्या मनातलं चित्र खऱ्यापेक्षा वाईट असण्याचीच शक्यता जास्त. काही आया अशा वेळी धरून चालतात की बाळ गेलंय आणि सगळे नाटक करतायत.

तेव्हा उद्या असं करा. तिच्या डॉक्टरांकडून प्रवासाची परवानगी घ्या आणि तिला एनआयसीयूत आणा, चाकाच्या खुर्चीवर चालेल. फोनवर सांगू नका, आणि ती येण्याआधी भावाला एकट्याला बसवून सगळं ऐकवू नका. अर्धं समजलेलं त्यानंच तिला सांगायचं, हे ओझं फार मोठं आहे. दोघांना एकत्र सांगा, अशी डॉक्टरांना विनंती करा. शक्य असेल तर दोन्ही वेळचे डॉक्टर एकाच वेळी असू देत. जागा खुर्च्या असलेली हवी, दार लागणारी. तुम्ही सोबत बसा, वही घेऊन बसा, कारण त्या दोघांना निम्मंही आठवणार नाही. काका-मामा बाहेर थांबू देत. सुरुवात डॉक्टरांनी नाही केली तर तुम्ही करा : ‘वहिनी, तुला काय वाटतंय बाळाबद्दल, ते आधी तू सांग.’ तिच्या उत्तरावरून डॉक्टरांना कळेल कुठून सुरू करायचं.

पण हे सगळं दुसरं. पहिल्यांदा तिला बाळापाशी न्या. कोपरापर्यंत हात धुवायला लावा, आणि सिस्टरना सांगा तिचा एक हात बाळाच्या डोक्यावर आणि एक पायांवर ठेवू द्या, न हलवता, तसाच. पाच-दहा मिनिटं. बातमी नंतर. निघण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडून तिला हातानं दूध पिळायला शिकवून घ्या आणि जे येईल ते उकळलेल्या वाटीत धरून, निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या डब्यातून सोबत आणा. सातव्या दिवशी कमी येईल, कदाचित चमचाभरच. तेवढं बाळाच्या नळीतून जाऊ शकतं का, किंवा कापसाच्या बोळ्यानं त्याच्या ओठांना लावता येतं का, हे तिनं स्वतः डॉक्टरांना विचारू दे.